इम्प्रेशनिझम शिकायला घेताना: चित्रं जोडीजोडीने बघा

चित्रकलेच्या पदविकेला किंवा बीएफएला असलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा इम्प्रेशनिझम, म्हणजे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झालेली चित्रकलेची चळवळ, या विषयावर बहुतेकांचा पहिला प्रश्न नोट्सचा असतो. उजळ रंग, ब्रशचे सुटे फटकारे, उघड्यावर बसून काम, रोजच्या जगण्यातले विषय, एवढं पाठ केलं की पेपरात गुण मिळतात. पण मोने आणि रेन्वार या चळवळीतल्या दोन चित्रकारांची दोन चित्रं समोर ठेवून कोणतं कुणाचं विचारलं, की गाडी अडते. मला स्वतःला हा विषय उमगायला लागला तो दोन चित्रं शेजारी ठेवून बघायला लागल्यावर. नवीन मुलांना मी तीच वाट सुचवते.

पहिली जोडी ‘ला ग्रनुयेर’ची घ्या. पॅरिसच्या पश्चिमेला सीन नदीकाठी पोहण्याचं आणि नौकाविहाराचं हे ठिकाण होतं. शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी रेल्वेने तिकडे जात. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रेन्वार दोघांनी तिथे चित्रं काढली. मोनेचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, रेन्वारचं स्टॉकहोमच्या नॅशनलम्युझियममध्ये. संकेतस्थळावरून दोन्ही मोठी करून बघा. मधलं छोटं बेट, त्यावरचं एकुलतं झाड, काठाला बांधलेल्या होड्या, सगळं तेच. पण मोनेचं पाणी बघा: रुंद, आडवे, जाड पट्टे, गडद हिरव्याशेजारी थेट फिकट पिवळसर. जवळून नुसते पट्टेच दिसतात, जरा लांबून पाणी हलायला लागतं. माणसं त्याने दोन-चार फटकाऱ्यांत आटोपली आहेत. रेन्वारचा ब्रश मऊ चालतो. त्याचा जीव बायकांच्या कपड्यांत आणि गर्दीतल्या माणसांत अडकलेला आहे. जागा एक, ऊन एक, आणि दोन माणसांचे दोन स्वभाव. हे एकदा डोळ्यांना दिसलं की चित्रकार ओळखायला पाठांतर लागत नाही.

यानंतर सावल्या. मोनेचं ‘मॅगपाय’ (१८६८-६९) पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बर्फाने झाकलेलं शेत, कुंपण, आणि फाटकावर बसलेला एक काळा-पांढरा पक्षी. कुंपणाची सावली बर्फावर पडली आहे ती निळी-जांभळट. १८६९ च्या सलोनने, म्हणजे सरकारी मान्यतेच्या वार्षिक प्रदर्शनाने, हे चित्र नाकारलं. आता घराजवळची एखादी चुन्याची भिंत बघा. उन्हात तिच्यावर पडलेली झाडाची सावली नुसती करडी आहे का? तिच्यात आकाशाचा निळा उतरलेला असतो, जमीन तांबडी असेल तर खालच्या बाजूला तिचीही झाक येते. माझ्या मते या चळवळीचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे, सावलीला स्वतःचा रंग असतो हे तिने बघायला शिकवलं.

मात्र ‘इम्प्रेशनिस्टांनी काळा रंग हद्दपार केला’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. रेन्वारचं ‘ला लोज’ या चित्रकारांच्या १८७४ च्या पहिल्याच प्रदर्शनात होतं. थिएटरच्या सज्जात बसलेल्या त्या बाईच्या झग्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांशिवाय दुसरं काय आहे?

हे प्रदर्शन १५ एप्रिल १८७४ ला छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत भरलं. सलोनच्या परीक्षकांवर विसंबून राहायला नको म्हणून या चित्रकारांनी स्वतःची संस्था काढली होती. ल हाव्र बंदरातल्या पहाटेचं मोनेचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ तिथे होतं. त्याच्या नावावरून समीक्षक लुई लरुआने सगळ्यांची टर उडवली आणि तेच नाव चिकटलं. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं लावणारा चित्रकार एकटा पिसारो. एदुआर माने (मोने नव्हे, हा दुसरा चित्रकार) एकदाही त्यांच्यासोबत आला नाही. देगा आला, पण त्याला हे लेबल नको होतं. तो स्टुडिओत बसून, रेषेवर भर देऊन काम करायचा. म्हणून ‘उघड्यावर काम’ हे वैशिष्ट्य सगळ्यांना सरसकट लावता येत नाही.

आमच्या वर्गात याच गटातल्या चित्रकार बर्थ मोरिझोचं नाव यादीच्या शेवटी यायचं, तुम्ही ते वर आणा. ‘पाळणा’ (१८७२) नीट बघा. तिची बहीण एडमा तान्ह्या मुलीकडे बघत बसली आहे, मध्ये जाळीचा पडदा. पडदा पांढरा म्हणावा तर त्यात करडा, निळा, गुलाबी सगळं आहे, आणि आतलं बाळ धूसर दिसतं. एडमाही चित्रकार होती, लग्नानंतर तिने चित्रकला सोडली. हे कळल्यावर तिचा गालाला टेकलेला हात मला वेगळा दिसायला लागला. मोरिझोसोबत मेरी कॅसट ठेवा. ही अमेरिकन चित्रकार १८७९ पासून या गटाबरोबर होती. घरातल्या बायका आणि मुलं दोघींनी रंगवली, पण कॅसटची बाह्यरेषा किती ठाम आहे बघा.

बघण्याबरोबर हातही चालू द्या. एकच जागा सकाळी, दुपारी, संध्याकाळी रंगवा. कागद लहान घ्या आणि अर्ध्या तासात उठा, कारण तेवढ्यात ऊन सरकतं. सरावापुरता काळा बाजूला ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या भर दुपारी सावली पायाखाली येते आणि रंग पांढुरके पडतात, त्यामुळे खरी मजा सकाळी लवकर नाहीतर पाचनंतर. तैलरंग परवडत नसतील तर पोस्टर कलर चालतील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कथलाच्या ट्यूबमधले रंग मिळू लागले म्हणून बाहेर काम करणं या लोकांना सोपं गेलं. तुमच्या सॅकमध्ये ती सोय आधीच आहे.

आणखी एक, १८८६ ला वही मिटू नका. मोनेच्या गव्हाच्या गंजींची चित्रं १८९०-९१ ची, रूआँच्या कॅथेड्रलची तीसहून अधिक चित्रं त्याच्याही नंतरची. प्रकाश बदलला की तो शेजारचा दुसरा कॅनव्हास पुढे घ्यायचा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे गंजींची सहा चित्रं आहेत. ती ओळीने लावून बघा, आणि तारीख झाकून कोणतं सकाळचं, कोणतं थंडीतलं ते आधी स्वतः ठरवा.