पाच-सहा वर्षांच्या मुलाला बुद्धिबळ कसं शिकवावं

जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. ते पाहून मुलाला पटाशी बसवावंसं वाटत असेल तर जरूर बसवा. पाचवं-सहावं वर्ष चांगलं. फक्त गणिताचे मार्क वाढतील ही आशा ठेवू नका. इंग्लंडमध्ये १०० शाळांत याची मोठी चाचणी झाली. २०१६ च्या तिच्या अहवालानुसार, शिकवणी संपल्यावर वर्षभराने घेतलेल्या गणिताच्या परीक्षेत फरक दिसला नाही. बुद्धिबळातून मिळतं ते वेगळंच: हात आवरणं, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, हरल्यावर पुन्हा पट मांडणं. आणि हे मिळणं आपण शिकवतो कसं यावर ठरतं.

पट गुंडाळता येणारा घ्या. घर ५ ते ६ सेंमी, राजा साधारण साडेनऊ सेंमी. सोंगट्या तळाशी जड हव्यात. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर हलक्या सोंगट्या आडव्या होतात आणि मूल वैतागतं. प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं.

सगळ्या सोंगट्यांच्या चाली पहिल्याच दिवशी सांगितल्या की गोंधळ ठरलेला. आधी फक्त प्यादी: दोन्हीकडे आठ-आठ, ज्याचं पहिल्यांदा पलीकडच्या टोकाला पोहोचेल तो जिंकला. सरळ चालायचं पण तिरकं मारायचं, हे यातच पक्कं होतं. आजोबा देशी पद्धतीने खेळत असतील तर आधीच ठरवून घ्या, कारण देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. मग हत्ती आणि उंट. रिकाम्या पटावर पाच फुटाणे ठेवा आणि कमीत कमी चालींत गोळा करायला सांगा. त्यानंतर वजीर आणि राजा. घोडा शेवटी: कोपऱ्यातून त्याला दोनच घरं मिळतात, पटाच्या मध्यातून आठ. हे मुलाला स्वतः मोजू द्या. आठवड्यातून चार दिवस, १५-२० मिनिटं पुरेत.

पूर्ण डाव सुरू झाला की चाल करण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावा: "त्यानं ही चाल का केली?" आणि "मी इथे गेलो तर मला कोण मारेल?" या काळात हात मांडीवर. हात लागला तीच सोंगटी खेळायची, हा नियम आई-बाबांनाही लागू. मारामारीचा हिशेब बोटांवर होतो: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. चार चालींत मात करण्याची युक्ती मात्र शिकवू नका. मूल प्रत्येक डावात वजीर बाहेर काढत बसतं आणि विचार थांबतो.

मुद्दाम हरू नका, मुलांना ते कळतं. तुम्ही वजिराशिवाय खेळा, किंवा मूल अडकलं की पट फिरवून बाजू बदला. हरल्यावर रडू आलं तर रडू द्या. चूक दुसऱ्या दिवशी दाखवा, तीही एकच.

स्पर्धेत उतरवण्याआधी एक परीक्षा घ्या: वजीर आणि राजा घेऊन एकट्या राजाला मात करता येते का? बहुतेक मुलं इथे समोरच्या राजाला इतकं कोंडतात की शह नसतो आणि चालही उरत नाही. मग जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो. हे सलग पाच वेळा नीट जमलं की नाव नोंदवा.