गच्चीवर पहिली भाजी मेथीच लावा
आपल्या मराठवाड्यात नळाला रोज पाणी कुठं येतंय, मग भाजी कशी लावायची असं सगळेच म्हणतात, पण डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी दोन-तीन टबांना बऱ्यापैकी पुरतं बघा. टमाट्याच्या नादी नंतर लागा. किराणातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, खाली भोकं पाडलेल्या टबात माती अन् शेणखत मिसळून पेरायचे, वरून पातळ माती भुरभुरवायची, चार-पाच दिवसात कोंब दिसतात अन् महिनाभरात भाजी. उपटू नका, कात्रीनं वरून कापा, परत फुटते, अन् आजच्या जेवणाला लागते तेवढीच कापा, फ्रिजमधे जुडी पिवळी पडायची भानगडच नाही. कवळ्या पानांचा घोळाणा करा, म्हणजे कच्च्या पानांत शेंगदाण्याचं कूट, मीठ, कच्चं तेल कालवायचं, सोबत ज्वारीची भाकर. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात मात्र हिरवी नेट बांधाच.