खरेदी विभागात रुजू होताय? नातं दर उघडण्याआधी सांगा

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो. नवी मुलं कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची पावती) पटकन शिकतात. पुरवठादार आपलाच माणूस निघाला तर काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. आणि नागपुरात तो निघतोच. हिंगण्यात चुलतभावाचं फॅब्रिकेशन, वाडीत मित्राच्या वडिलांचं ट्रान्सपोर्ट, इतवारीत सासऱ्यांचं हार्डवेअर. नातं असण्यात काही वावगं नाही. पण ते साहेबांना तिसऱ्याकडून कळलं, तर तुम्ही काढलेली प्रत्येक पीओ पुन्हा तपासली जाते.

सांगायची वेळ पुरवठादारांचे दर उघडण्याआधीची. दरांचा तुलनात्मक तक्ता तयार झाल्यावर सांगितलंत आणि नातेवाइकाचा दर सगळ्यांत कमी निघाला, तर आकडा तुम्हीच फोडला असं लोक म्हणणार. दर जास्त असूनही माल चांगला म्हणून शिफारस केलीत, तर विचारायलाच नको.

माझ्या साडूंची खोक्यांची फर्म आमच्याकडे नोंदणीला आली, तेव्हा मी साहेबांना मेल केला आणि एचआरला प्रत दिली: ‘सदर फर्मचे मालक माझे साडू आहेत. फर्ममध्ये माझी भागीदारी नाही. या वस्तूची चौकशी, दरांची तुलना व वाटाघाटी दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्याव्यात.’ एवढंच. खोक्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्या फोल्डरचा पासवर्ड बदलून घ्यायलाही मीच सांगितलं, कारण फाईल दिसत राहिली तर बाजूला होण्याला अर्थ उरत नाही. बिल लवकर पास कर, रिजेक्ट झालेला माल बघून घे, असले फोन सहकाऱ्यांना न करणंही बाजूला होण्यातच आलं.

घरी जास्त कस लागतो. एका बारशाला साडूंनी सहज विचारलं, ‘‘बाकीच्यांचे दर काय आले बे?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, ते काम आता माझ्याकडे नाही, अन् असतं तरी सांगितलं नसतं.’’ ते जरा नाराज झाले. होऊ द्यावं.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 184 नुसार संचालकांना दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत आपले हितसंबंध जाहीर करावे लागतात. त्याचा नमुना एमबीपी-1. याच कायद्याखालच्या ‘नातेवाईक’ यादीत पती-पत्नी, आईवडील, मुलं, सून, जावई, भाऊ, बहीण आहेत. साडू किंवा मामेभाऊ नाहीत. म्हणून आपण गप्प बसावं असं नाही. आपल्याला लागू होते ती कंपनीची आचारसंहिता, आणि लोकांच्या नजरेत साडू हा नातेवाईकच असतो. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 वाचून काढा.

दिवाळीत पुरवठादाराकडून आलेला संत्रा बर्फीचा डबा आम्ही सगळ्यांसमोर उघडतो आणि वहीत नोंदवतो. गिफ्ट व्हाउचर मात्र पत्रासकट परत जातं. सुटीच्या दिवशी पुरवठादाराचं जीएसटीचं काम करून द्यायचं असेल, तर आधी लेखी परवानगी मागा. माझं मत विचाराल तर ते काम घेऊच नका.

नातं कळवायचा फॉर्म कंपनीत नसेल तर साधा मेल चालतो. तो जपून ठेवा आणि दर एप्रिलला पुन्हा पाठवा. मधेच बहिणीचं लग्न ठरलं आणि होणारे जावई पुरवठादाराकडे नोकरीला असले, तर एप्रिलपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात कळवा.