सांबर-भेकरांच्या वाटेवर कॅमेरा लावण्यापूर्वी : इन्फ्रारेड की फ्लॅश?

भाताची सुगी आटोपून खळी मोकळी झाली की कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी आणि नागरगाळी भागात रानालगतच्या शिवारांत ट्रॅप कॅमेरा (समोरून जनावर गेले की त्याच्या अंगाच्या उष्णतेवरून आपोआप छायाचित्र घेणारा) लावण्यास अनुकूल काळ सुरू होतो. पाऊस थांबलेला असतो आणि लहान ओढे आटू लागल्याने उरलेल्या पाण्याकडे जाणाऱ्या जनावरांच्या वाटा दिवसेंदिवस ठळक होत जातात. कॅमेरा घेताना बहुतेक जण मेगापिक्सेल आणि किंमत यांचीच तुलना करतात. माझ्या मते त्याआधी एक काम करावे : आपल्याला कोणते जनावर पाहायचे आहे आणि त्याच्याविषयी काय जाणून घ्यायचे आहे, हे वहीत एका वाक्यात लिहून काढावे. "रात्री नाचणीत कोण उतरते" हा एक प्रश्न झाला आणि "पाणवठ्यावर येणारा सांबराचा नर दर वेळी तोच आहे का" हा दुसरा. रात्रीच्या उजेडासाठी इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश) की फ्लॅश (पांढरा लखलखाट), याचा निर्णय या वाक्यावरून होतो.

आपल्या भागातील हरीणवर्गाच्या सवयी ध्यानात घेतल्या तर निम्मा निर्णय तिथेच लागतो. चितळ बहुतांशी दिवसा चरते आणि सकाळ-संध्याकाळी अधिक हालचाल करते. दिवसाच्या उजेडात कोणताही ट्रॅप कॅमेरा रंगीत छायाचित्र घेतो, त्यामुळे केवळ चितळ पाहायचे असेल तर फ्लॅशच्या प्रकारावर अधिक पैसे घालण्यात अर्थ नाही. भेकर एकटे फिरते आणि दिवसाही दिसते, रात्रीही. सांबर मात्र प्रामुख्याने रात्रीचे जनावर आहे. पिसोरी (माउस डिअर) शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या हरणांच्या कुळातील नाही, तिला शिंगे नसतात, पण तिच्या वाटेवर कॅमेरा लावायचा असेल तर तीही रात्रीचीच. म्हणजे प्रकाशाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सांबर, पिसोरी आणि काही अंशी भेकर यांच्यापुरताच उरतो.

आता प्रकाशाचे प्रकार पाहू. इन्फ्रारेड कॅमेऱ्यांत साधारणपणे दोन जाती आढळतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांचा कॅमेरा छायाचित्र घेताना समोरून पाहणाऱ्याला मंद लाल ठिपके दिसतात, तर ९४० नॅनोमीटरच्या कॅमेऱ्याची चमक माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. मात्र या न दिसणाऱ्या प्रकाशाला कॅमेऱ्याचे संवेदक कमी प्रतिसाद देते, म्हणून अशा कॅमेऱ्याची रात्रीची छायाचित्रे अधिक दाणेदार येतात आणि पल्लाही कमी पडतो. दोन्ही प्रकारांत रात्रीचे चित्र कृष्णधवलच असते, आणि प्रकाश मंद असल्याने झडप (शटर) अधिक वेळ उघडी राहते. परिणामी पळणारे भेकर पुसट रेघेसारखे उमटते. पांढऱ्या फ्लॅशचे बळ नेमके इथे आहे. झेनॉन वायूचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उजळतो, त्यामुळे चालते जनावर जागच्या जागी थिजल्यासारखे स्पष्ट आणि रंगीत मिळते. त्याची अडचण अशी की एकदा उजळल्यावर पुन्हा भारित (चार्ज) व्हायला त्याला वेळ लागतो, म्हणून मादीमागून येणारे पाडस निसटते. आणि रात्रीचे चलचित्रण त्यावर होत नाही. पांढऱ्या एलईडीचा फ्लॅश लवकर तयार होतो, पण हालचाल तितकी नेमकी पकडत नाही.

रात्री हरणांची छायाचित्रे घेण्याची सुरुवातच फ्लॅशने झाली. छायाचित्रकार जॉर्ज शायरस यांनी अमेरिकेत काढलेली वन्यजीवांची छायाचित्रे नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात छापली, त्यांतील रात्रीची चित्रे फ्लॅशच्या उजेडात घेतलेली होती. आपल्याच राज्यात, नागरहोळेच्या जंगलात, वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात कॅमेरा ट्रॅपच्या साहाय्याने वाघांची संख्या काढली, तेव्हा प्रत्येक वाघ त्याच्या पट्ट्यांवरून ओळखला गेला. अशा कामाला स्वच्छ, न हललेले चित्रच लागते. सांबराच्या अंगावर मात्र ना पट्टे असतात ना ठळक ठिपके. नर ओळखायचा तर शिंगांची ठेवण, फाटलेला कान, जुना व्रण एवढ्याच खुणा, आणि जनावर पाण्यावर स्थिर उभे असेल तर त्या इन्फ्रारेड चित्रातही दिसतात. ज्याच्या अंगावरचे ठिपके उपयोगी पडले असते ते चितळ दिवसाच येते. म्हणूनच सांबर-भेकरांची वर्दळ समजून घेण्यासाठी मी विचारणाऱ्या प्रत्येकाला इन्फ्रारेडच सुचवतो, आणि त्यातही पाणवठ्यावर, जिथे जनावर थांबते, ९४० चा, तर मोकळ्या माळावर, जिथे अंतर अधिक असते, ८५० चा.

जनावर बुजण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हरणांच्या डोळ्यांत तांबडा रंग ओळखणाऱ्या पेशी नसतात, पण अंधारात पाहण्याची त्यांची क्षमता आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. म्हणून पांढऱ्या फ्लॅशचा लखलखाट त्यांच्या विस्फारलेल्या डोळ्यांवर थेट आदळतो. एका काजूच्या बागेत मी फ्लॅशचा कॅमेरा लावला होता. पहिल्या रात्री सांबराच्या मादीचे सुरेख रंगीत चित्र मिळाले, तिच्या कानावरचे केसही मोजता यावेत इतके स्पष्ट. त्यानंतर त्या वाटेवर आठवडाभर काहीच आले नाही. एका प्रसंगावरून नियम काढता येत नाही, हे मान्य आहे, तरीही उन्हाळ्यात जिथे पाण्याची दुसरी सोय नाही अशा ठिकाणी फ्लॅश लावून तहानलेल्या जनावराला पाण्यापासून परतवण्याची जोखीम मी पुन्हा घेणार नाही. लाल ठिपक्यांकडेही काही हरणे थबकून पाहतात, पण बहुधा पुन्हा माना खाली घालतात.

कॅमेरा खरेदी करण्याआधीच परवानगीची बाजू पूर्ण करावी. याच तालुक्यातील भीमगड अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार परवान्याविना प्रवेशही करता येत नाही, आणि अभयारण्याबाहेरील राखीव जंगलातही वन खात्याच्या लेखी संमतीवाचून कॅमेरा लावू नये. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतल्यास कार्यालयात काम सोपे होते. कॅमेरा स्वतःच्या मालकीच्या जमिनीत लावायचा असला तरी त्या भागातील वनरक्षकाला आधी सांगून ठेवावे, कारण शिकारीवर पूर्ण बंदी असताना रानाच्या कडेला कोण कशासाठी टेहळणी करत आहे, हा प्रश्न त्याला पडणे रास्तच आहे. शेजाऱ्यांनाही कल्पना द्यावी. पाणंदीवरून पहाटे बायामाणसे ये-जा करतात. त्यांची छायाचित्रे निघू नयेत म्हणून कॅमेऱ्याचे तोंड वाटेकडे न ठेवता आत रानाच्या बाजूला ठेवावे आणि जवळच मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छोटा फलक लावावा. अशा जागी पांढरा फ्लॅश अजिबात नको, कारण तो माणसांना दचकवतो आणि चोराला कॅमेऱ्याची जागाही दाखवतो.

सेलच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. आठ सेलांच्या कॅमेऱ्याला साध्या किंवा लिथियम सेलांतून १२ व्होल्ट मिळतात, तर पुन्हा चार्ज होणारे निकेल सेल १.२ व्होल्टचे असल्याने एकूण ९.६ व्होल्टच भरतात आणि अनेक कॅमेऱ्यांत रात्रीचा पल्ला आखडतो. फ्लॅशच्या कॅमेऱ्याला सेलही अधिक लागतात. मेमरी कार्डे दोन घ्यावीत, ती कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावीत, आणि तारीख-वेळ लावताना सकाळ-संध्याकाळची खूण पुन्हा तपासावी. ती एकदा उलटी लागल्याने माझी महिनाभराची नोंद बारा तासांनी चुकली होती आणि दिवसा आलेली चितळे नोंदीत मध्यरात्रीची दिसत होती.

घरून निघताना पट्टा, कुलपाची तार, कोयती, सिलिका जेलची पुडी आणि भिंग पुसण्याचे मऊ कापड सोबत असावे. झाडाला खिळा मारू नये. ऐन किंवा जांभळाच्या मनगटाहून जाड, वाऱ्याने न हलणाऱ्या खोडाला पट्टा आवळावा. सांबरासाठी कॅमेरा साधारण कमरेच्या, भेकरासाठी गुडघ्याच्या उंचीवर पुरतो. पिसोरी खांद्याशी जेमतेम ३० सेंटिमीटर भरते, म्हणून तिच्यासाठी तो त्याहूनही खाली आणावा लागतो. वाटेपासून तीन ते पाच मीटर अंतर ठेवून कॅमेरा वाटेला तिरका लावला म्हणजे जनावर अधिक वेळ चौकटीत राहते. तोंड शक्यतो उत्तरेकडे असावे, कारण थेट ऊन आणि तापलेली पाने यांमुळे उष्णता टिपणारे संवेदक फसते, आणि भर उन्हाळ्यात हवेचे तापमान जनावराच्या अंगाच्या उष्णतेजवळ पोहोचले की ते दुपारी जनावर टिपत नाही, हेही गृहीत धरावे. भिंगासमोरचे गवत आणि डहाळ्या कोयतीने काढाव्यात, पण वाट साफ करू नये. जवळची पाने राहिली तर फ्लॅश असो वा इन्फ्रारेड, तीच पांढरी फटक उजळतात आणि मागचे जनावर काळोखात राहते. पावसाळ्यात कणकुंबीच्या धुक्यात तर पांढऱ्या फ्लॅशचे चित्र नुसते दुधाळ येते. वाटेत गळून पडलेले शिंग दिसले तरी ते उचलू नये, घरात ठेवणे हाही गुन्हा आहे.

कॅमेरा चालू केल्यावर स्वतः समोरून वाकून चालत जावे, कार्ड काढून चित्र पाहावे आणि मगच निघावे. पहिली फेरी दहा दिवसांनी, भर दुपारी, एकट्यानेच करावी. रोज जाऊन पाहिल्यास आपला वास त्या वाटेवर राहतो आणि कॅमेरा इन्फ्रारेड असला तरी सांबर वाट बदलते.