काचेला चिकटलेलं चित्र

कॉलेजच्या कलादालनात पहिल्यांदा चित्र लावणार असाल तर आधी एक काम करा. फ्रेम उलटी करा आणि पाठ बघा. मी बघितली नव्हती.

माझं चित्र आजीचं होतं. चुलीपुढं बसलेली, हिरवं लुगडं, एक हात परातीत. हँडमेड कागदावर पोस्टर कलर. प्रदर्शन ऑगस्टमध्ये छत्रपती संभाजीनगरला, आणि मी बीड जिल्ह्यातली. शहरातल्या फ्रेमचा खर्च झेपणारा नव्हता. एक सिनियर म्हणाला, "माउंट कशाला लावतेस? पैसे वाचव." माउंट म्हणजे काचेखाली चित्राभोवती बसवतात ती पांढरी चौकट. मग गावाकडंच देवाचे फोटो मढवणाऱ्या दुकानातून फ्रेम करून घेतली. त्यांनी कागदावर थेट काच ठेवली, मागून हार्डबोर्ड लावून खिळे ठोकले. एसटीत मांडीवर धरून आणलं. खिडकीतून पाऊस आत येत होता, तरी चित्र काचेआड आहे म्हणून मी निर्धास्त.

पाच दिवसांनी चित्र उतरवलं तेव्हा काचेच्या आत वाफ धरलेली. घाबरून तिथंच फ्रेम उघडली. काच उचलली आणि आजीच्या खांद्याचा हिरवा रंग काचेबरोबर वर आला. खाली उघडा कागद.

हे का होतं ते नीट समजून घ्या. जलरंग आणि पोस्टर कलर गोंदात कालवलेले असतात. वाळले तरी तो गोंद पाण्यानं पुन्हा मऊ होतो. पावसाळी हवेत कागद ओल धरतो, रात्री काच गार पडते, आतली वाफ काचेवर जमते आणि चित्र काचेला टेकलेलं असेल तर रंग तिथंच चिकटून वाळतो. छापील फोटोचं एक वेळ निभावतं, आपल्या चित्राचं नाही. म्हणून माउंट. ती पांढरी चौकट शोभेसाठी नसते, काच आणि रंग यांच्यात हवा राहावी म्हणून असते. माउंट नको असेल तर फ्रेमवाल्याला कडेनं आतून बारीक पट्टी टाकायला सांगा. काच चित्राला टेकता कामा नये, बस्स.

त्यातही दुसरी चूक असते. चित्र फेविकॉलनं चारही बाजूंनी पुठ्ठ्यावर डकवू नका. कागद ओलीनं फुगतो, उन्हानं आकसतो. त्याला हलायला जागा नसली की सुरकुत्या पडतात. फक्त वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीनं. सेलोटेप तर नकोच, तिचा पिवळा डाग निघत नाही. आणि चित्र काचेला चिकटलंच, तर काच ओढू नका. माझं निम्मं नुकसान त्या घाईनं केलं. फ्रेम आडवी ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

घाबरू नका. पहिलं चित्र बिघडलं म्हणून कुणी संपत नाही. मीही पुढच्या वर्षी पुन्हा लावलं.

आपल्या भागात राहून हे शिकायला लांब जावं लागत नाही. संभाजीनगरहून अजिंठा शंभरेक किलोमीटरवर आहे. 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं तिथं इटलीहून तज्ज्ञ आणले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी घट्ट बसवला, पण रंगांवर चढवलेलं लाखेचं वॉर्निश पुढं पिवळं पडलं आणि ते काढता काढता नंतरच्या लोकांची दमछाक झाली. फर्स्ट इयरची सहल जाते तेव्हा नुसता भिंतीवरचा पद्मपाणी बोधिसत्त्व बघून परतू नका. गिलाव्याच्या फुटलेल्या कडा बघा. माती, भुसा, वर चुन्याचा पातळ हात. रंग कशावर उभा आहे ते तिथं डोळ्यांना दिसतं.

मांडणीचं थोडक्यात. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांच्या आसपास. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत मिळाली तर बदलून मागा, जलरंग उन्हानं उडतात. चित्राशेजारच्या माहितीच्या पट्टीवर नाव, माध्यम, आकार, वर्ष. कविता नको.

आता चित्रकारांची व्याख्यानं आणि डेमो. डेमोला सगळे मोबाइल वर धरून उभे असतात. मला ते पटत नाही. व्हिडिओत हात दिसतो, पण ब्रशला पाणी किती होतं ते दिसत नाही. पुढं बसा, पॅलेट बघा. शेवटी "तुमची प्रेरणा काय?" हे विचारू नका. कागद कुठला, आधी काय रंगवलं, कुठं अडलात, हे विचारा. मोठी माणसं अशा प्रश्नांनी खुलतात. मला आजवर सगळ्यात जास्त त्यांच्याकडून मिळालं नाही, हेही खरं. दालन उघडणारे शिपाईमामा आणि शहरातला एक म्हातारा फ्रेमवाला, या दोघांनी मला जे दिलं ते कुठल्या स्लाइड शोमध्ये नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एक पाहुणे चित्रकार व्याख्यानाआधी दालनात आले. मी पुन्हा आजीच काढली होती. त्यांनी परवानगी विचारली, फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि आधी पाठ उघडून बघितली. मग वरच्या दोन पट्ट्यांकडं बोट करून विचारलं, "खळ घरी केलीस?"

"हो सर," मी म्हणाले. "आजीनं शिजवून दिली."