घराजवळ अळ्यांचा घोळका दिसला तर तो कशाचा हे कसं ओळखायचं

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडतोच, खोडावर नाहीतर बाथरूमच्या जाळीपाशी वळवळणारं काहीतरी, फोटो हललेला, आणि खाली "हे काय आहे? विषारी आहे का?" मग कोणी स्प्रे मारा म्हणतं, कोणी रॉकेल ओता म्हणतं, कोणी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकून मोकळं होतं. पण अळी कसली आहे हे कोणी बघत नाही. ते ओळखायला काही फार मोठं ज्ञान लागत नाही, फक्त रंगावर जाऊ नका, कारण एकच अळी दोनदा कात टाकली की पार वेगळी दिसते. जागा बघा, पाय मोजा, झाड कोणतं ते बघा. बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं.

स्टेप १: हात लांब, फोटो आधी

तीन फोटो काढा. एक अख्ख्या घोळक्याचा, एक एकाच अळीचा जवळून आणि तोही बाजूने, कारण वरून काढला तर पाय दिसतच नाहीत आणि मग सांगणाऱ्यालाही काही सांगता येत नाही. तिसरा झाडाच्या पानाचा, हा सगळे विसरतात. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं तर साइझ कळते. पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना तोवर लांब ठेवा.

स्टेप २: सापडल्या कुठे?

बाथरूमच्या जाळीत किंवा बेसिनच्या खाली काळपट, बारीक, काही मिलिमीटरच्या अळ्या असतील तर त्या मोरीमाशीच्या, म्हणजे ती छोटी केसाळ पंखांची माशी टाइल्सवर बसलेली असते ना, तिच्या. लोक घाबरतात की पोटातून पडल्या की काय, तसं काही नसतं. पाइपच्या आत जो बुळबुळीत थर बसतो त्यावर त्या जगतात, त्यामुळे नुसतं फिनाइल ओतून भागत नाही, ब्रश घालून तो थर खरवडावा लागतो.

कुंडीखालच्या ताटलीत, जुन्या टायरमध्ये, कूलरच्या टाकीत पाण्यात झटके देत खालीवर करणाऱ्या म्हणजे डासांच्या. यात जरा निरखून बघा. पाण्याच्या पृष्ठभागाला आडवी, समांतर पडून असेल तर ती अॅनोफिलिस, मलेरियावाली. शेपटीकडची नळी वर लावून डोकं खाली करून तिरकी लटकत असेल तर एडिस किंवा क्युलेक. कोणतीही असो, पाणी ओतून द्या आणि भांडं घासून कोरडं करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात.

कंपोस्टच्या डब्यात दोन-अडीच सेंटिमीटरच्या, चपट्या, मळकट तपकिरी, कडक सालीच्या अळ्यांचा खच असेल तर अभिनंदन, त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत आणि तुमचा ओला कचरा फुकटात संपवतायत. पांढऱ्या, मऊ, एका टोकाला निमुळत्या असतील तर त्या घरमाशीसारख्या माशांच्या, म्हणजे डबा फार ओला झालाय, सुका पालापाचोळा टाका.

आणि भिंतीवर काकडीच्या बीसारखं काहीतरी करडं चिकटलेलं दिसतं आणि थोड्या वेळाने बघावं तर ते सरकलेलं असतं, ती पण अळीच, आपलं घर अंगावर घेऊन फिरणारी. जाळी-जळमटं आणि केस खाते. झाडू मारा, बाकी काही करू नका.

स्टेप ३: पाय मोजा

भिंग नसेल तर मोबाइलवर फोटो झूम करा. पायच नाहीत? बहुधा माशीची अळी. पुढे तीन जोड्या आणि मागे पोटाखाली मऊ, गुबगुबीत पायांच्या दोन ते पाच जोड्या? ही फुलपाखराची किंवा पतंगाची. पोटाखालच्या जोड्या सहा किंवा त्याहून जास्त असतील तर ते सुरवंट नाहीत, सॉफ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या आहेत. परसात मोहरी किंवा मुळा लावला असेल तर यांची गाठ पडते, काळपट हिरव्या, हात लागला की अंग मुडपून खाली पडतात. पोटाखाली आठ जोड्या असतात त्यांना.

फक्त पुढच्या तीन जोड्या आणि मातीत इंग्रजी सी आकारात पडलेली पांढरी जाड अळी म्हणजे भुंगेऱ्याची. सगळे हिला सरसकट हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, म्हणून ठेचतात, पण शेणखतात सापडली तर सपाट जमिनीवर ठेवून बघा, पाठीवर उताणी होऊन सरकायला लागली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजलेलं खाणारी, परत खतात टाका. पायांवर चालली किंवा नुसती कुशीवर पडून राहिली तर मात्र कुंडीतल्या मुळांची काळजी करा.

पाय मोजता मोजता थकलात तर तो वाणी किडा आहे, अळी नव्हेच. सावरीच्या बुंध्याशी जमलेली लाल-काळी झुंड पण अळ्या नसतात, लाल ढेकण्यांची पिल्लं असतात. आणि मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, पडलेल्या फांदीवर सहा पायांवर तुरुतुरु पळणारी, काळपट, नारिंगी ठिपक्यांची दिसली तर स्प्रेची बाटली खाली ठेवा, ती लेडीबर्डची अळी आहे आणि मावा खायलाच आलीय.

स्टेप ४: झाड कोणतं?

बऱ्याच अळ्यांचं खाणं ठरलेलं असतं, त्यामुळे झाड कळलं की अर्धं नाव कळलं. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवी होणारी, डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढून घाण वास सोडणारी, ती लिंबावरच्या फुलपाखराची. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉर्मॉन, २०१५ मध्ये जाहीर झालं ते, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. चार पानं गेली तर जाऊ द्या. आंब्यावरच्या बांडगुळावर अळ्यांचा जथा दिसला तर हळदीकुंकू फुलपाखरू असण्याची शक्यता मोठी, आणि बांडगुळ खातायत तर आपलं नुकसान काय?

शेवग्याचं प्रकरण मात्र वेगळं. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर तपकिरी-करड्या केसाळ सुरवंटांचा थर चिकटून बसतो, इतका दाट की लांबून साल जाड झाल्यासारखी वाटते. जवळ जाऊन बघितलं की एकेक डोकं हलताना दिसतं. दिवसा खाली खोडावर बसतात, रात्री वर चढून पाला खातात आणि झाड बघता बघता खराटा होतं. म्हणजे यांचा बंदोबस्त दिवसाच करायचा. लोक काठीला चिंध्या बांधून पेटवतात, ते नको, साल भाजते आणि केस उडतात. कोरडा झाडूही नको. फुल बाह्यांचा शर्ट, ग्लोव्हज, डोळ्यांना गॉगल, साबणाचं पाणी मारून आधी थर ओला करा आणि मग खरवडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. खोडावर राहिलेल्या कातींनाही केस असतात, त्या पण धुऊन काढा.

केस टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटा, दोन-तीनदा, मग साबणाने धुवा आणि बर्फ लावा, कपडे वेगळे धुवा. डोळ्यात गेले तर पाण्याने धुऊन सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, चुना-बिना प्रयोग नकोत. केसांऐवजी काटेरी, गोगलगायीसारखी सरकणारी असेल तर ती घोणस अळी. २०२२ मध्ये बीडकडे शेतकऱ्यांना डसल्यावर हिने माणूस मरतो अशा अफवा पिकल्या होत्या. आग भयंकर होते, पण बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो. धाप लागली किंवा तोंड सुजलं तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा.

स्टेप ५: तरी नाही कळलं तर

गूगल लेन्सवर एकट्यावर भरवसा ठेवू नका, ते कुठल्या कुठे नेतं. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर ते तीन फोटो, गाव आणि झाडाचं नाव टाका. पिकावर असेल तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

किंवा दोन-तीन अळ्या, अर्थात बिनकेसाच्या, काडीने उचलून त्याच झाडाच्या पानांसकट बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचं फडकं, रोज ताजी पानं, विष्ठा काढून टाकायची, पाणी घालायचं नाही. कोष झाला की शांत बसा, जे बाहेर येईल त्यावरून नाव लगेच सापडतं. कधी कोषातून फुलपाखराऐवजी माशी नाहीतर बारीक गांधीलमाशी निघते, म्हणजे अळीच्या पोटात आधीच परजीवी वाढत होता. तसं झालं तर झाडावरच्या उरलेल्यांना औषध मारायची घाई करू नका, बाकीचं काम त्याच माश्या करतील.