गंजलेल्या गाड्यांचे एचडीआर फोटो: या चुका टाळा

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून कुठे एखादी काळी-पिवळी गंजत पडलेली दिसली की कॅमेरेवाले तिच्यावर तुटून पडतात. हौस चांगलीच आहे. पण मग ते आपले एचडीआर फोटो, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम जोडून केलेले फोटो, मला दाखवून विचारतात, ‘काय चुकलं?’ आणि चुकलेलं दर वेळी तेच असतं.

‘पी’ मोडवर ब्रॅकेटिंग

ब्रॅकेटिंग म्हणजे जोडण्यासाठी एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम ओळीने काढणं. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच. जुन्नरकडच्या एका गावात गोठ्यामागे एक पद्मिनी उभी होती. परमिट संपल्यावर काकांनी ती गावी आणून लावली, ती तिथेच राहिली. पुढच्या काचेच्या खाचेत पिंपळाचं रोप, सीटच्या स्प्रिंगांत कोंबडीची पिसं, डाव्या बाजूला मीटरचा पत्रा नुसता लोंबत होता. मी पहाटेच निघून पोचलो, ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून घाई केली, आणि कॅमेरा ‘पी’वर, म्हणजे प्रोग्राम मोडवर होता हे बघितलंच नाही. पाच-पाच फ्रेमचे सेट धडाधड काढले.

घरी फ्रेम जोडल्या तर हेडलाइटला दोन-दोन कडा. ‘पी’ मोडमध्ये कॅमेरा उजेड कमी-जास्त करताना शटरबरोबर अ‍ॅपर्चरही, म्हणजे लेन्सचं छिद्रही, हलवतो. एका फ्रेममध्ये हेडलाइटपासून डिकीपर्यंत सगळं स्पष्ट, दुसरीत मागचं सगळं धूसर. अशा फ्रेम कुठलंही सॉफ्टवेअर नीट जोडणार नाही.

पुढच्या रविवारी परत गेलो. गाडीच्या जागी पिवळं पडलेलं चौकोनी गवत आणि ऑइलचा डाग. भंगारवाला बुधवारीच येऊन गेला होता.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, कॅमेरा फक्त शटर हलवतो), एफ ८, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. फोकस एकदा लावायचा आणि मग ऑटोफोकस बंद. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर नाही. आणि तिथून हलण्याआधी एका सेटच्या सगळ्या फ्रेम झूम करून बघायच्या. याला पाच मिनिटं लागतात. ज्यांना ती जड वाटतात त्यांनी मोबाइलवर काढावेत, मोबाइल हे काम गुपचूप करतो.

सगळे स्लायडर उजवीकडे

त्या सेटमधली एकच रॉ फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल, कामाची निघाली होती. मी ती क्लॅरिटी, स्ट्रक्चर, डिटेल हे खरखर उठवणारे सगळे स्लायडर शंभरावर नेऊन ‘रांगडी’ केली आणि मोठ्या कौतुकाने काकांना दाखवली. काकांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, “गाडीला आग लागली होती का रे?”

बरोबर होतं त्यांचं. आकाश काजळलेल्या तव्यासारखं, टपाभोवती पांढरी झळाळी, आणि प्लॅस्टिकचं स्टिअरिंगसुद्धा गंजल्यासारखं. गंजलेला पत्रा मुळातच खरखरीत असतो. त्याच्या शेजारी गुळगुळीत काही राहिलं, काच म्हणा, सावली म्हणा, तरच ती खरखर डोळ्यांत भरते. सगळंच खरखरीत केलं की पॉलिश पेपरचा फोटो होतो.

मी आता पत्र्यावर मास्क लावून, म्हणजे फक्त तो भाग निवडून, तेवढ्यातच क्लॅरिटी वाढवतो. आकाशाला हात लावत नाही. जिथे बरं वाटेल तिथे स्लायडर थांबवायचा, मग आकडा निम्मा करायचा, आणि सकाळी चहा पिताना पुन्हा बघायचं. रेडीमेड ‘ग्रंज’ प्रीसेट विकत घेणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

बाकीच्या, थोडक्यात

ढगाळ दिवशी बाहेरून काढताना पाच फ्रेम लागत नाहीत, एक रॉ पुरते. एचडीआर खरं लागतं ते गाडीच्या आत: डॅशबोर्ड काळोखात आणि खिडकीबाहेर रखरखीत ऊन. तिथे तीन फ्रेम: एक्स्पोजर उणे दोन, शून्य, अधिक दोन.

गवत हलत असेल तर वारा पडेपर्यंत थांबा. हललेल्या गोष्टींच्या दुहेरी प्रतिमा पुसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डीघोस्टिंगवर भिस्त ठेवू नका.

सॅच्युरेशन वाढवलं की गंजाचा केशरी रंग आधी फुटतो, आणि सगळा पत्रा एकसारखा गाजराच्या हलव्यासारखा दिसायला लागतो. पहिल्या पावसानंतर जा, ओला गंज आपोआप गडद दिसतो.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या गाड्या बेवारस नसतात, बऱ्याचशा मुद्देमाल असतात. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका, दार तर उघडूच नका.

आणि लेन्सचं झाकण सीटखाली घरंगळलं तर जाऊ द्या. मी एकदा काठीने ओढायला गेलो, तर आतून फुत्कार आला. झाकण अजून तिथेच आहे.